उसात गेलेले दाजी

"दाजी, उद्या मी पण येतो की तुमच्यासंगं पळायला," असं वीरधवल म्हणाला, तेव्हा शंभूराजच्या हातातला भाकरीचा घास आमटीत बुडाला आणि बराच वेळ तिथंच राहिला.

वीरधवल हा शंभूराजच्या बायकोचा, अंकिताचा, धाकटा भाऊ. कुंडलचा पोरगा, फौजेत असलेला, सुट्टीत बहिणीकडे उंब्रजला राहायला आलेला. त्याच्या नुसत्या पोटऱ्या बघूनच शंभूराजला धाप लागायची. आणि याच वीरधवलला त्यानं गेले कित्येक महिने फोनवर सांगून ठेवलं होतं, की आमच्या ग्रुपात मी सगळ्यात पुढं असतोय. फोनवर काय, बोलायला पळावं लागत नाही.

"ये की," शंभूराज म्हणाला. "पण आमी लय पहाटं निघतो. तुझी झोपमोड हुईल."

"आवं दाजी, मला फौजेत कोण झोपू देतंय?"

अंकिता भात वाढता वाढता हसली. "बघ रं वीरू, यांना गाठून दाखव." नवऱ्याचा तिला खराखुरा अभिमान होता आणि तो तिनं सगळ्या माहेरभर पोचवला होता. शंभूराजला तो भात काही गिळवेना.

खरी गोष्ट अशी होती, की फ्लेक्स छापायच्या दुकानात दिवसभर खुर्चीत बसून शंभूराजचं पोट शर्टाच्या बटणांशी भांडायला लागलं होतं, आणि डॉक्टरांच्या धाकानं तो 'पहाटपाखरं' नावाच्या ग्रुपात शिरला होता. दर रविवारी ही मंडळी कालव्याच्या रस्त्यानं पंपहाऊसपर्यंत पळत जायची आणि पळत यायची. ग्रुप फार प्रेमळ. तिथं एक पद्धत होती: मागं कुणाला एकटं सोडायचं नाही. पुढं गेलेल्यांनी परत फिरायचं आणि शेवटच्या माणसाला सोबत घेऊन यायचं.

शेवटचा माणूस दर रविवारी तोच असे.

मग सगळी वरात त्याच्याभोवती जमायची. फरशी बसवण्याची कामं घेणारा अश्फाकभाई त्याच्या शेजारी नाचत नाचत पळायचा आणि म्हणायचा, "लय भारी, शंभूभाऊ! आलंच बघा!" साठी उलटलेले निवृत्त मास्तर हंबीरराव त्याच्याकडे तोंड करून उलटे पळायचे आणि टाळ्या वाजवायचे. भाजी विकणाऱ्या मनुबाई साडीचा काचा मारून, पायात पोराचे बूट घालून, "श्वास घे माझ्या लेकरा," असं म्हणत त्याची पाठ थोपटायच्या. त्या सगळ्यांच्या मनात निव्वळ माया होती. शंभूराजला मात्र वाटायचं, यापेक्षा चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता हा सोहळा मेव्हण्यासमोर होणार होता.

पहाटे थंडी मी म्हणत होती. पळायला सुरुवात झाली आणि वीरधवल शंभूराजच्या शेजारीच राहिला. पहिल्याच वळणाला शंभूराजच्या छातीचा भाता झाला, तेव्हा त्याला एक नामी थाप सुचली.

"तू हो पुढं," तो श्वास सावरत म्हणाला. "आज मला मागं राहावं लागतंय. शेवटच्या माणसाला सांभाळून आणायची पाळी आज माझी हाय."

वीरधवलच्या डोळ्यात आदर दाटला. "व्हय दाजी," म्हणून तो सुसाट गेला.

थाप चांगली होती, पण तिला शेपूट होतं. थोड्याच वेळात ही सगळी मंडळी वरात घेऊन परत येणार आणि वीरधवलच्या देखत 'आलंच बघा' सुरू होणार. शंभूराजनं इकडं तिकडं पाहिलं. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला, तुरे आलेला ऊस उभा होता. त्यानं हिशेब केला, की आपण उसात शिरायचं. मंडळी परत येतील, आपण दिसणार नाही, घरी गेला असेल म्हणून पुढं जातील. मग बाहेर पडायचं आणि सावकाश मागून जायचं. शेवटच्याला आणणारा माणूस मागूनच येणार की!

तो बांध उतरला. कडेच्या सरीत कालव्याचं पाणी पाझरलेलं असावं. उजवा पाय चिखलात रुतला आणि पाय निघाला तेव्हा बूट निघाला नाही. पोपटी रंगाचा नवा बूट. पण लांबून पावलं वाजू लागली होती, म्हणून तो तसाच आत घुसला आणि पाचटावर बसला.

"शंभूभाऊ दिसंनात," अश्फाकभाईचा आवाज आला. "घरी गेलं वाटतं. मागं एकदा गेलं हुतं."

'जा आता,' शंभूराज मनात म्हणाला.

"दाजी? आन मधनंच घरी?" वीरधवल उसळला. "शक्यच न्हाई! तुमच्यातल्या शेवटच्या माणसाला टाकून दाजी घरी जाणार न्हाईत."

शेवटचा माणूस कोण हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, पण पाहुण्यासमोर कुणी काही बोललं नाही. आत शंभूराजला वाटलं, आपण आणखी थोडे जमिनीत गेलो तर बरं. तेव्हाच तो बाहेर पडला असता, पोटात कळ आली म्हणाला असता, तर सगळं निभावलं असतं. पण तेवढ्यात हंबीररावांना बूट सापडला.

"आवं, हा तर शंभूराजचा!"

ऊस दादासो नावाच्या शेतकऱ्याचा होता. त्यांच्या उसाची तोड आजच होती, त्यामुळे तेही कोयतेवाल्या टोळीसोबत तेवढ्यात बांधावर येऊन पोचले. बूट बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "परवाच वस्तीवरची शेळी नेली बघा बिबट्यानं," ते म्हणाले. "ह्याच अंगाला आला हुता."

मग काय विचारता! फोन गेले, वस्त्यांवरून माणसं आली, कुणी काठ्या आणल्या, कुणी पराती बडवायला घेतल्या. मनुबाई परात घेऊन पलीकडच्या बांधावर पहाऱ्याला जाऊन उभ्या राहिल्या. माणसं चहूबाजूंनी उसात शिरू लागली. शंभूराज मधोमध अंग चोरून बसला होता. एवढ्या लोकांसमोर उठून 'मी लपलो होतो' असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? आणि शेळीचं ऐकल्यापासून त्याला आपल्या पाठीमागं कुणीतरी श्वास घेतंय असं वाटू लागलं होतं. त्यातच कुणीतरी फटाक्यांची माळ लावली.

शंभूराज जो उठला तो पळतच सुटला. तसा तो आयुष्यात कधी पळाला नव्हता, आणि बघायला नेमकं कुणी नव्हतं. पाल्यानं तोंड, हात सगळं ओरबाडून निघालं. तो पलीकडच्या बांधावर बाहेर पडला तो थेट मनुबाईंच्या अंगावर.

"आगं बया!" मनुबाईंनी परात टाकली आणि त्याला छातीशी धरलं. "बिबट्यानं वरबाडलं का रं लेकरा?"

आणि शंभूराजनं मान हलवली. होकारार्थी. बोलला काहीच नाही, पण खोटं बोलायला नेहमी जीभच लागते असं नाही.

क्षणात गर्दी गोळा झाली. अश्फाकभाईनं त्याला मिठीच मारली. "केवढा हुता, शंभूभाऊ?"

"सहा बाय तीन," शंभूराजच्या तोंडून धंद्याच्या सवयीनं निघून गेलं.

मापच सांगितल्यावर शंकेला जागा उरली नाही. टोळीच्या मुकादमानं लगेच कोयते गोळा करायला सांगितले. "बायामाणसं, लेकरं हायती आमची. आमी न्हाई शिरत ह्या रानात. दुसरीकडं जातो."

दादासोंचा चेहरा उतरला. उसाला तुरे येऊन गेले होते, वजन रोज घटत होतं, आणि गेलेली टोळी परत कधी येईल ते कारखान्यालाही सांगता आलं नसतं. पण त्यांनी मुकादमाशी वाद घातला नाही. ते शंभूराजजवळ आले, आपल्या टॉवेलनं त्याचं तोंड पुसलं, तांब्यानं पाणी पाजलं आणि स्वतःच्या पायातल्या चपला काढून त्याच्यापुढं ठेवल्या.

"घाला. उसाचं काय, व्हईल ते व्हईल. तुमचा जीव वाचला ह्येच लय झालं."

त्या चपला बघून शंभूराजला रडूच फुटायचं बाकी राहिलं. वर्षभर राखलेलं पीक आपल्या एका मान हलवण्यानं उभं वाळणार, आणि वर हा माणूस अनवाणी उभा! त्यानं एकदा वीरधवलकडं पाहिलं. मग डोळे मिटले.

"बिबट्या नव्हता," तो म्हणाला. "मी लपून बसलो हुतो. मी दर रविवारी शेवटला असतोय आन ह्या मेव्हण्याला पुढं असतो म्हणून सांगितलं हुतं. त्याला दिसू नये म्हणून शिरलो. तोंड पाल्यानं वरबाडलंय. दादासो, माझं चुकलं."

वीरधवल खाली मान घालून उभा होता. संपलं, शंभूराजला वाटलं, कुंडलची वाट आपल्याला बंद झाली.

"बघा केवढं मन!" दादासोंनी हात जोडले. "माझ्या उसासाठी माणूस स्वतःची आब्रू घालवाय निघालाय."

"लय भारी, शंभूभाऊ!" अश्फाकभाईनं डोळे पुसले, आणि हंबीररावांनी टाळ्या वाजवल्या.

"आवं, खरंच नव्हता!" शंभूराज कळवळून ओरडला.

"नव्हता ना?" मुकादम तेवढा भानावर होता. "मग तुमी पुढं व्हा. पार ह्या बांधापासनं त्या बांधापतूर जाऊन या. मग आमी कोयता घालतो."

"एकटं कशाला?" मनुबाई म्हणाल्या. "फौजी हाय की संगं. जा रं बाबा दाजीबरूबर."

दोघं उसात शिरले. शंभूराज पुढं, वीरधवल मागं. बाहेरचे आवाज पुसट झाले तसा शंभूराज मागं न बघताच म्हणाला, "वीरू, मला माफ कर. अंकिताला मीच सांगतो समदं."

तेवढ्यात कुणीतरी पाठीमागून त्याचा टी-शर्ट घट्ट धरला.

"दाजी," वीरधवल अगदी बारीक आवाजात म्हणाला, "जरा सावकाश चला की. मला मागं टाकून जाऊ नका."

शंभूराज थबकला.

"नक्की नव्हता न्हवं?"

"न्हाई रं."

"मगाशी समदी आत शिरली, मी बांधावरच उभा हुतो. पायच उचलंना. तिकडं फौजेत असं कधी हुईत न्हाई, आईशप्पत. समोरचा माणूस आवाज तरी करतोय. हे बिबट्याचं जनावर आवाजच करत न्हाई हो." त्याचे कान लालबुंद झाले होते. "तुमी समद्यांम्होरं खरं बोलला. मला न्हाई बोलता यायचं."

'लय भारी, आलंच बघ' हे शब्द शंभूराजच्या ओठांपर्यंत आले होते. ते त्यानं गिळले. ते ऐकताना कसं वाटतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यानं वीरधवलचा हात हातात घेतला आणि त्याच्या चालीनं, एक एक सरी ओलांडत, ते पलीकडं निघाले. बांध दिसल्यावरच त्यानं हात सोडला.

टोळीनं कोयते उचलले. पहिली मोळी पडली तेवढ्यात अंकिताचा फोन आला.

"काय वं, झालं का पळून? कोण पुढं हुतं, वीरू का तुमी?"

वीरधवल बांधावर बसून बुटाची बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधत होता. तो वर बघत नव्हता. सकाळची हकिगत दुपारपर्यंत उंब्रजभर होणारच होती आणि ती घरी आपण स्वतः सांगायची हे शंभूराजनं ठरवलंच होतं. पण दोघं उसात शिरल्यावरचा भाग त्याच्या एकट्याचा नव्हता.

"बरोबरच हुतो आमी," तो म्हणाला.

"कायतरीच! तुमी मुद्दाम हळू चालला असणार त्याच्यासाठी. मला काय ठाऊक न्हाई व्हय?" असं म्हणून अंकितानं मोठ्या अभिमानानं फोन ठेवला.

एवढ्या दिवसांत तिनं नवऱ्याबद्दल केलेली ही पहिली खरी बढाई होती, आणि नेमकी तीच खरी आहे हे त्याला कुणाला सांगता येत नव्हतं.