भिंतीपलीकडचा बिंदू

"आकड्यांवाचून भूमिती म्हणजे मिठावाचून जेवण!" विभागप्रमुख कडाडले. "प्रक्षेपीय भूमिती यापुढे समीकरणांनीच शिकवायची. नाहीतर तो वर्ग मी घेईन."

"अळणी तर अळणी, माझ्या हातचं आहे!" पट्टीबाई म्हणाल्या. सगळं कॉलेज त्यांना याच नावानं ओळखे; लाकडी पट्टी आणि खडू यांवर त्यांनी जन्म काढला होता. "आजच्या तासात माझ्या तोंडून आकडा निघाला, तर वर्ग तुमचा. नाहीतर माझा."

प्रमुख मागच्या बाकावर कान टवकारून बसले.

बाईंनी फळ्यावर त्रिकोण काढला. "हा धाकटा. दिव्यासमोर धरला की पडते ती सावली, हा थोरला."

"त्रिकोणात तीन आलेच की," मागून आवाज आला.

"प्रमुखातही मुख आहे, म्हणून ते सारखं चालवायचं का?"

थोरल्याची बाजू आणि धाकट्याची तीच बाजू वाढवली, की त्यांची गाठ पडते. अशा सगळ्या गाठी एकाच रेघेवर बसतात, हे बाईंना दाखवायचं होतं. पण या भावंडांच्या तळाच्या बाजू निघाल्या जवळजवळ समांतर. फळा संपला, तरी शेवटची गाठ पडेना.

"पुसा आणि लहान काढा," प्रमुख खुशीत म्हणाले.

"का पुसू? रेघ खरी आहे. फळा तोकडा आहे."

रेघा नव्या रंगाच्या भिंतीवर चढल्या. पुढे प्लायवूडचं पार्टिशन, पलीकडे त्याच भिंतीला प्रमुखांची केबिन. बाईंनी खडू चोळलेली दोरी पार्टिशनवरून टाकली आणि अख्खा वर्ग घेऊन केबिनमध्ये शिरल्या. "अहो, ती माझी खुर्ची!" म्हणत प्रमुख मागे धावले. बाई खुर्चीवर चढल्याही होत्या. तळाच्या बाजू तिथंच, खुर्चीमागे भेटल्या. आधीच्या गाठींना जोडणारी रेघही नेमकी त्याच बिंदूत घुसली.

टाळ्या! बाईंना चेव आला. "म्हणून सांगते, आकड्यांशी माझा छत्तीसचा आकडा आहे!"

"छत्तीस!" प्रमुखांनी उडीच मारली. "म्हणालात! वर्ग माझा!"

बाईंचा चेहरा पडला, पण क्षणभरच. त्यांनी भिंतीवर भलंमोठं ३६ काढलं.

"नीट बघा. माणसं आहेत ही. भांडलीत, म्हणून पाठीला पाठ लावून बसलीत. मी चित्र सांगितलं, साहेब. आकडा तुम्ही वाचलात."

प्रमुखांनी तणतणत पाठ फिरवली. बाईंनीही खुर्चीवरून उतरून पाठ फिरवली.

"जमलं चित्र!" कुणीतरी ओरडलं.

वर्ग कुणाचा, हे मग कुणी विचारलंच नाही.