सोळा घरांचा दुधी

"एक वेल! फक्त एक वेल! आणि सोळाच्या सोळा घरं दुधी खातील!"

राजरत्न हे सोसायटीच्या मिटिंगमध्ये उभं राहून बोलला. तेही छातीवर हात ठेवून. अंबरनाथ पश्चिमेची चार मजली बिल्डिंग, मजल्याला चार घरं, आणि ह्याने आयुष्यात कोथिंबिरीची काडीसुद्धा उगवली नव्हती! पण मोबाईलवर शेतीचे व्हिडिओ पाहिले होते एकशे ऐंशी. एकशे ऐंशी व्हिडिओ पाहिलेला माणूस घाबरत नाही.

चेअरमन रामभाऊंनी चष्मा खाली घेतला. "गच्ची लीक झाली तर?"

"काका, लीक नाही होणार. झालं तर फक्त दुधी होणार!"

लोक हसले, परमिशन मिळाली.

आता खरं सांगायचं तर राजरत्नला दुधी आवडत नव्हता. मोरिवलीच्या ज्या पॅकिंग कंपनीत तो होता, तिने दिवाळीनंतर एक शिफ्ट बंद केली, आणि ती नेमकी ह्याची निघाली. घरी बसला की आई, म्हणजे शालनताई, काही बोलायची नाही. पण कुकरची शिट्टीसुद्धा "काय करतोस सध्या?" असं विचारतेय असं त्याला वाटायचं. जिन्यात तर प्रत्येक जण विचारायचाच. अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकच जागा अशी होती जिथे हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. गच्ची! कारण गच्चीवर कुणी येतच नव्हतं. म्हणून बाग. दुधी नुसता निमित्ताला.

तर, पहिली गोष्ट ड्रम. अंबरनाथमध्ये निळे ड्रम हवे तेवढे मिळतात, पण सगळे केमिकलचे. राजरत्न हुशार! तो गेला उल्हासनगर कॅम्प दोनला.

"साईं, इसमें केमिकल नहीं था," ड्रमवाला म्हणाला. "गुलाब का शरबत था. खाने का माल! सूंघ के देखो."

राजरत्नने डोकं आत घातलं. गुलाबाचा वास! पोरगा खूश. "आई, फूडग्रेड आहे, फूडग्रेड!" असं ओरडतच तो ड्रम डोक्यावर घेऊन जिना चढला. अर्धा कापला, माती भरली, बी लावलं. खाली गेटजवळ हिरवी बादली ठेवली, सोळा घरांनी भाजीची सालं त्यात टाकायची, आणि हा त्याचं खत करणार. काम एकदम सिस्टिममध्ये.

आठवड्यात वेल आला. आणि दहाव्या दिवशी मुंग्या आल्या.

शरबत तसं धुतलं होतं हो त्याने! पण ड्रमच्या कडांच्या खाचांत ते चिकटून बसलं होतं, गुळासारखं. माती ओली झाली तशी गोडी सुटली, आणि तालुक्यातल्या सगळ्या मुंग्यांना निमंत्रण गेलं. त्या आल्या, ड्रम चाटला, आणि मग आलोच आहोत तर फिरून घेऊ म्हणून पाइपावरून खाली उतरल्या. पाइपाखाली चौथा मजला. चौथ्या मजल्यावर पहिलं घर रामभाऊंचं.

रामभाऊंना शुगर. त्यांच्या घरात दोन वर्षं साखरेचा डबाच नव्हता. त्यामुळे संजीवनीकाकूंनी दारातून आत येणारी मुंग्यांची रांग पाहिली तेव्हा त्या चक्रावल्या.

"अहो, ह्या कुठे निघाल्यात?"

"कुठे का जाईनात!" रामभाऊ पेपरामागून म्हणाले. जरा घाईने म्हणाले.

काकू रांगेच्या मागे गेल्या. रांग हॉलमधून बेडरूममध्ये गेली. बेडरूममधून कपाटात. कपाटात स्वेटरच्या घडीत. स्वेटरच्या घडीत पेढ्यांचा बॉक्स!

त्यानंतर चौथ्या मजल्यावर जे झालं ते दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आलं.

संध्याकाळी रामभाऊ गच्चीवर आले. डोळे लाल. "राजरत्न! एप्रिलचा शेवटचा रविवार. कमिटी वर येणार. वेलावर दुधी दिसला तर बाग राहील. नाही दिसला तर ड्रम भंगारात, आणि गच्चीला कुलूप!"

"काका, कुलूप कशाला?"

"मुंग्यांसाठी!"

राजरत्न हसला, पण जिना उतरताना त्याच्या लक्षात आलं. कुलूप म्हणजे परत घर. परत कुकरची शिट्टी.

मग तो पेटला. चुन्याच्या रेघा ओढून मुंग्या हाकलल्या. सकाळ-संध्याकाळ पाणी. आणि एकशे एक्क्याऐंशीवा व्हिडिओ! त्यात एक दाढीवाला सांगत होता की दुधीला दोन तऱ्हेची फुलं येतात. मादी फुलाच्या मागे इवलासा दुधी असतो. नर फुलाच्या मागे नुसती काडी. राजरत्नने तिथेच व्हिडिओ बंद केला. पुढे बघायचं काय? सरळ हिशेब आहे! काडीवाली फुलं फुकट खातायत, पाणी पितायत, देत काही नाहीत!

रोज संध्याकाळी पांढरी फुलं उमलली की हा पठ्ठ्या नर फुलं शोधून शोधून तोडायचा आणि टाकीमागच्या कठड्यावरून खाली भिरकावायचा. "चल निघ! तू पण निघ! फुकटे साले!"

आणि इवलेसे दुधी? ते यायचे, दोन दिवस गोड दिसायचे, पिवळे पडायचे आणि टपकन गळायचे. एक गेला. चार गेले. अकरा गेले! राजरत्नने वेलाला जुनी चप्पल बांधली. "जय भीम"वाल्या घरातला पोरगा नजरेची चप्पल बांधतोय बघून शालनताई कपाळावर हात मारून म्हणाली, "अरे, एवढे व्हिडिओ बघून शेवटी चप्पलच?"

"आई, सायन्स संपलंय माझं."

एप्रिल आला. बदलापूर बातम्यांत झळकलं, इतकं ऊन! गच्चीवर पापड वाळायच्या ऐवजी जळायला लागले. वेल मात्र हिरवागार, टाकीवर चढलेला, टाकीमागे कुठेतरी उतरलेला, पानं सुपाएवढी. दुधी शून्य.

शनिवार उजाडला. उद्या कमिटी. राजरत्न गुपचूप उठला आणि गेला कॅम्प दोनच्या भाजीबाजारात. सगळ्यात लांब दुधी उचलला, पिशवीत घातला, वर चपात्यांचा डबा ठेवला, आणि गच्चीवर येऊन तो हिरव्या दोऱ्याने वेलाला बांधला. लांबून बघितलं. डोळा बारीक करून बघितलं. एक नंबर!

रविवारी सकाळी दहा वाजता कमिटी वर आली. कमिटी कसली, अर्धी बिल्डिंगच आली. शालनताईपण आली.

"हा बघा!" राजरत्नने हात असा केला की जणू ताजमहाल दाखवतोय.

"अरे वा!" लोक म्हणाले.

रामभाऊंचं तोंड उतरलं. पण संजीवनीकाकू पुढे झाल्या. वाकल्या. चष्मा लावला.

"राजा, ह्याला नखं कुणी लावली रे?"

"न... नखं?"

"ही बघ. एक, दोन... सात-आठ बायकांनी नख टोचून बघितलाय हा दुधी. कोवळा आहे का म्हणून. आणि सगळ्यांनी ठेवून दिलाय! तुझ्या गच्चीवर बायका भाजी निवडायला येतात की काय?"

संपलं! एकशे एक्क्याऐंशी व्हिडिओंत एकानेही हे सांगितलं नव्हतं की बाजारातला दुधी आपल्या अंगावर अख्ख्या बाजाराची नखं घेऊन फिरतो. शालनताईने मान खाली घातली. ती हसतेय की रडतेय ते कळेना. रामभाऊंनी दोरा ओढला. दुधी त्यांच्या हातात आला.

"चीटिंग!" रामभाऊ गरजले. "काढा रे तो वेल! मुळासकट!"

राजरत्न पुढे झाला. तो फक्त म्हणाला, "काका, हळू काढा. पानं चांगली आहेत." हे तो इतक्या हळू बोलला की काकूंचा चेहरा बदलला. पण रामभाऊ कुठले थांबायला? त्यांनी हातातला दुधी शालनताईच्या हातात कोंबला, टाकीमागचा वेल धरला आणि ओढला. वेल हलेना. दोन जण मदतीला आले. तिघांनी मिळून ओढला.

आणि खालून आरोळी आली.

"अरं कोन मेला वढतोय! माजी ग्रिल निघंल ना! सोडा! सोडा आदी!"

सगळे कठड्यावरून वाकले. पण खाली मागच्या भिंतीला चिकटून ग्रिल होती, वरून पानांशिवाय काही दिसेना. आवाज कौसाबाईंचा. रामभाऊंच्या बाजूच्या घरातल्या. बदलापूरच्या पलीकडच्या गावात जन्मभर भाजी पिकवलेली बाई, आता गुडघे गेले म्हणून मुलाकडे, जितेशकडे, राहायला आली होती. वर्षभर जिना उतरली नव्हती, चढली नव्हती.

अख्खी वरात खाली आली आणि कौसाबाईंच्या स्वयंपाकघरात घुसली.

खिडकीत दुधी होता!

दुधी कसला, बाळ होतं दोन वर्षांचं! वेल गच्चीवरून उतरून ग्रिलमध्ये शिरला होता, आणि दुधी गजांच्या मधे धरला होता. वाढता वाढता तो गजांना धरून असा फुगला होता की अर्धा ग्रिलच्या आत आणि अर्धा बाहेर. कमरेला गजाची खाच पडली होती. गळ्यात काळा दोरा. खाली टेकायला म्हणून कौसाबाईंनी स्वतःच्या लुगड्याची झोळी बांधली होती.

"आई, तू सांगितलं नाहीस?" जितेश म्हणाला. तो सकाळी सहाला कामाला निघायचा आणि स्वयंपाकघरात फक्त डबा घ्यायला यायचा.

"कुनाला सांगू? तू घरी असतोस कवा?" मग त्या राजरत्नकडे वळल्या आणि त्यांचं तोंड एकदम मऊ झालं. "पोरा, तूच ना तो वरचा? ये, ये इकडं. मना बोलायचंच होता तुज्याशी. किती रं तुजी माया!"

"माझी?"

"मी गुडघ्यानं बसलेली बाई. वर येता येत नाय. म्हनून तू माज्या खिडकीत वेल सोडलास. आनी रोज संध्याकाळी नराची फुलं पन खाली टाकायचास!"

राजरत्नने खिडकीतून वर बघितलं. "ती फुलं... आजी..."

"कितीतरी पडली ह्या ग्रिलमधे. मंग त्यातलं एक घेतला, ह्या मादीच्या फुलावर असा हलक्या हातानं फिरवला, आनी धरला बग दुधी! तू वर किती धरलास?"

सगळ्यांनी राजरत्नकडे बघितलं.

"एकही नाही, आजी. मी ती फुलं... तोडून फेकायचो. मला वाटलं फुकटी आहेत."

कौसाबाई बघतच राहिल्या. मग त्यांना असं हसू फुटलं की झोळीतला दुधीपण हलायला लागला. "अरं माज्या बाला! बाप्ये सगळे वरून ढकलून दिलेस, आनी मंग बसलास व्हय, पोरं का होत नाईत म्हनून?"

संजीवनीकाकू इतक्या हसल्या की त्यांना ओट्याला धरावं लागलं. जितेश हसला. शालनताई आता उघड उघड हसत होती, पदराने डोळे पुसत. आणि राजरत्नपण हसला. दिवाळीनंतर पहिल्यांदा पोट धरून!

"दुधी ग्रिलमध्ये आहे," रामभाऊ घसा खाकरून म्हणाले. "वेलावर दिसला पाहिजे असं ठरलं होतं."

"वेलावरच आहे की!" काकू म्हणाल्या. "वेल त्याचाच ना? की तो पण बाजारातून आणलाय? आणि अहो, ह्याच्या मुंग्यांनी मला तुमचे पेढे शोधून दिले. माझं मत बागेला! अजून कुणाचं बागेला?"

सगळे हात वर. रामभाऊंचा हात काकूंनी वर केला.

दुधी अख्खा निघणं शक्य नव्हतं. जितेश ग्रिल कापू म्हणाला, कौसाबाईंनी त्याला एका नजरेत गप्प केलं. विळा घेतला आणि गजाच्या दोन्ही बाजूंनी सपासप दुधीच कापला. गर पांढरा शुभ्र. मधल्या बिया त्यांनी फडक्यात बांधल्या. मग सोळा तुकडे केले, आणि राजरत्नच्या हातात ताट दिलं. "जा, वाट घरोघर."

तो प्रत्येक दारात गेला. कुणी विचारलं नाही, "काय करतोस सध्या?" सगळ्यांनी ताटात बघितलं आणि म्हणाले, "तू पिकवलास? मस्त रे!" सोळा घरं. एक वेल. बोलला होता ते झालं!

संध्याकाळी त्याने आणि जितेशने कौसाबाईंना खुर्चीत बसवून गच्चीवर नेलं. त्यांनी ड्रममध्ये हात घातला, माती चुरगळली, वास घेतला. पुन्हा वास घेतला. मग म्हणाल्या, "गोड वास कसला रं येतोय मातीला?"

"शरबताचा, आजी. लंबी कहानी है."

"मंग रोज ने मना वर. रोज थोडी थोडी सांग. मी फुलं दाखवीन."

त्याने त्यांच्या पायांना हात लावला. आभार कसे मानायचे ह्याचा व्हिडिओ त्याने बघितलेला नव्हता.

सोमवारी सकाळी तो गुणगुणत खाली गेला, खतासाठी हिरवी बादली उघडली, आणि थबकला.

बादलीत दुधीचे तुकडे होते. काही कच्चे, काही फोडणी दिलेले, काही चावून बघून सोडलेले. एका तुकड्यावर तर शालनताईची नेहमीची खोबऱ्याची फोडणी! एवढा मोठा होईपर्यंत दुधी निबर झाला होता, काथ्यासारखा. तीन शिट्ट्यांत शिजला नसणार. काल घरी त्याने ताटभर भाजी चाटूनपुसून खाल्ली होती. आता त्याला कळलं, ती नखांच्या दुधीची होती!

त्याने मोजले. पंधरा. कौसाबाईंचासुद्धा! आणि एकानेही त्याला तोंडावर एक शब्द सांगितला नव्हता. पंधरा घरांची ही माया त्याने दोन्ही हातांनी उचलली, वर नेली आणि ड्रमच्या मातीत पुरली.

आणि सोळावा तुकडा?

तो रामभाऊंनी खाल्ला होता. अख्खा. समोर संजीवनीकाकू उभ्या होत्या.