कुणालाही न सापडलेलं गाव

ज्या गावाला इतिहास नाही त्या गावाला बस नाही, हे सत्य डोंगरात राहणाऱ्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. ते त्याच्या गुडघ्यांना ठाऊक असतं. वाहतूक खात्याचं धोरण या बाबतीत अत्यंत न्याय्य आहे. जिथे काही महत्त्वाचं घडलं आहे तिथे लोक जाणार, जिथे लोक जाणार तिथे बस जाणार. आणि जिथे काहीच घडलेलं नाही तिथले लोक तरी उठून कुठे जाणार आहेत? (बस नसल्यामुळे ते कुठे जाऊ शकत नाहीत, हा मुद्दा खात्याने विचारात घेतला होता आणि विषयांतर म्हणून बाजूला ठेवला होता.)

खालच्या गावाला इतिहास होता. पायथ्याशी सपाट जागा दिसली की सैन्यांना राहवत नाही, त्यामुळे तिथे तीन लढाया झाल्या. तिन्ही लढाया खालचं गाव हरलं. पण त्यांनी हार मानली नाही. तिन्ही पराभवांचे दगड चौकात ओळीने उभे केले आणि त्यांच्यासमोर बसचा थांबा मिळवला. वरच्या गावाकडे डांबरी रस्ता होता, गार वारा होता, चार बस एकदम वळतील एवढं मैदान होतं. इतिहास तेवढा नव्हता. रस्ता करणाऱ्या खात्याचं आणि बस सोडणाऱ्या खात्याचं बोलणं नसल्यामुळे रस्ता गावापर्यंत आला आणि बस खालीच राहिली. त्या रस्त्यावर गावकरी धान्य वाळवत. फार छान वाळायचं.

हे सगळं मनावर घेतलं ते निवृत्त हेडमास्तरांनी. इतिहास त्यांचा शिकवण्याचा विषय, पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण त्यांची बायको. मास्तरीणबाईंच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला होता. खालच्या डॉक्टरकडे त्या कशाबशा उतरत, पण परतीच्या चढावर मोठ्या वळणावरच्या झाडाखाली बसकण मारावीच लागे. बहीण शहरात राहायची, तिच्याकडे जाणं तर बंदच झालं होतं. एकदा त्यांना रडवेलं झालेलं पाहून हेडमास्तर बोलून गेले, "तू काळजी करू नकोस. मी गावात बस आणतो." एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी पुष्कळ आश्वासनं दिली होती, पण ती सर्वसाधारण स्वरूपाची होती. हे पहिलंच असं की जे पुरं झालं की नाही ते दारात उभं राहून दिसलं असतं. आणि बाईंनी त्यावर विश्वास ठेवला, त्यामुळे पंचाईत आणखी वाढली.

त्याच सुमारास वारसा खात्याची योजना जाहीर झाली: ऐतिहासिक ठरलेल्या प्रत्येक डोंगरी गावाला एक फलक आणि एक बस. हेडमास्तरांनी ताबडतोब इतिहास संशोधन समिती स्थापन केली. तिच्यात दुकानदार होता, कारण बैठकीचा चहा त्याच्याकडून यायचा. आणि न्हावी होता, कारण गावातली कोणतीही घटना घडण्याआधी त्याला कळायची. समितीने घरोघरी जाऊन शास्त्रशुद्ध पाहणी केली. गावात पूर्वी काय घडलं, या प्रश्नावर निम्म्याहून अधिक लोकांनी "काही नाही" असं उत्तर दिलं, एक तृतीयांश लोकांनी "सासूबाईंना विचारा" असं सांगितलं, आणि उरलेल्यांनी "कशाला पाहिजे?" असा प्रतिप्रश्न केला. (सासूबाई या तिसऱ्या गटात निघाल्या.)

शेवटी समिती गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या मेंढपाळाकडे गेली. त्याला गावात सगळे आजोबा म्हणत.

"आजोबा, आपल्या गावावर कधी कुणी चालून आलं होतं का हो?" हेडमास्तरांनी विचारलं.

"आले की. लई येळा आले," आजोबा म्हणाले. "सैन्य आलं, वसुलीवाले आले. माझा आजा सांगायचा. मोठ्या वळणापर्यंत यायचे आणि विचारायचे, गाव कुठाय?"

"मग?"

"मग काय. आपण सांगायचं, मागं टाकून आलात की!"

दुकानदार आणि न्हावी यांनी मान डोलावली. त्यात त्यांना नवल वाटलं नाही, कारण ते स्वतः लहानपणापासून हेच सांगत आले होते. परक्याने वाट विचारली की "मागे टाकून आलात" म्हणायचं, हे गावातलं मूल चालायच्या आधी शिकतं. मोठ्या वळणावरून वरचं एकही घर दिसत नाही. शिवाय एवढं मोठं गाव आपण न बघता ओलांडलं, याची कुठल्याही सेनापतीला शरमच वाटते. तो पुन्हा विचारत नाही. खाली मान घालतो आणि घोडा वळवतो.

हेडमास्तरांच्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. खालच्या गावाच्या इतिहासातलं एक कोडं आजवर कुणालाच सुटलं नव्हतं: प्रत्येक सैन्य आधी गावातून मुकाट्याने निघून जायचं आणि थोड्या वेळाने रागारागाने परत येऊन लढाई करायचं. त्या तिन्ही लढाया मुळात वरच्या गावाच्या मालकीच्या होत्या! वरच्यांनी त्या मोठ्या मनाने खाली पाठवल्या होत्या. म्हणजे वरचं गाव अजिंक्य होतं, आणि तेही रक्ताचा थेंब न सांडता. (निदान स्वतःचा.)

त्यांनी प्रबंध लिहिला. वारसा खातं आनंदून गेलं. जिंकलेली गावं त्यांच्याकडे ढिगाने होती, हरलेली त्याहून जास्त. 'कुणालाही न सापडलेलं गाव' हा प्रकार सबंध डोंगररांगेत एकही नव्हता. तपासणीसाठी एक अधिकारी यायचं ठरलं. त्यांची खात्री पटली की फलक आणि बस.

हेडमास्तरांनी गावची सभा घेतली आणि आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण केलं. "ही नुसती सवय नाही, ही आपली परंपरा आहे," ते म्हणाले. "काही झालं तरी तिला तडा जाऊ देऊ नका." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपण रोज जे करतो त्याला परंपरा म्हणतात हे कळल्यावर माणसाची छाती फुगतेच. गाव झाडून लख्ख झालं, रस्त्यावरचं धान्य उचललं गेलं, शाळेच्या बाकांवरची धूळ गेली.

ठरलेल्या दिवशी हेडमास्तर इस्त्रीचा सदरा घालून मैदानात खुर्ची टाकून बसले. दुपार झाली. चहा दोनदा उकळला आणि दोनदा निवला. न्हावी खालून सायकल ढकलत आला, त्याला वाटेत जीप भेटली होती का, असं विचारल्यावर तो अभिमानाने म्हणाला, "भेटली ना. पाठवली परत खाली." आणि मग आपण समितीचे सभासद आहोत हे आठवून त्याने जीभ चावली. जीप पुन्हा वर वळलेली आपण पाहिली, असं त्याने घाईघाईने सांगितलं. म्हणून हेडमास्तर आशेने बसून राहिले.

उन्हं कलली तेव्हा वर आल्या त्या मास्तरीणबाई. डॉक्टरकडून परतत होत्या. एक हात गुडघ्यावर, एक कमरेवर.

"अहो, असे का बसलात? चहा घेतलात ना?" त्या म्हणाल्या. "वळणावर एक जीप आली होती. गाव विचारत होते."

"मग?"

"मग काय, म्हटलं, मागे टाकून आलात की. गेले बिचारे."

हेडमास्तरांनी इस्त्रीच्या सदऱ्याची वरची गुंडी सोडली.

"कोण होते हो?"

"बस देणारे."

बाई मटकन खाली बसल्या. "माझ्या मेलीच्या लक्षातच नाही आलं. गाव कुठंय म्हणाले आणि तोंडातून निघूनच गेलं." मग हळूच म्हणाल्या, "चांगला माणूस होता. म्हणाला, आजी, दमलेल्या दिसता, चला, तुमच्या गावापर्यंत सोडतो. मी म्हटलं, नको, मी इथली नाही."

हेडमास्तरांना आधी भयंकर राग आला. दारात आलेली जीप, मऊ गादीची, सोडून ही बाई एवढा चढ चढून आली होती, का तर गाव सापडू नये म्हणून. मग त्यांनी तिच्या सुजलेल्या गुडघ्याकडे पाहिलं आणि त्यांना एकदम भरून आलं. सेनापती परतवणारी ती पूर्वजांची परंपरा त्यांनी प्रबंधात रंगवून लिहिली होती. ती आपल्याच घरात पोळ्या लाटते आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी निवलेला चहा तिसऱ्यांदा तापवला आणि तिला दिला.

इकडे अधिकारी खालच्या गावात पोचले. तीन लढाया हरलेलं गाव एक गोष्ट पक्की शिकतं: बाहेरून आलेल्या माणसाला नाही म्हणायचं नाही. "कुणालाही न सापडलेलं गाव ते हेच का?" असं त्यांनी विचारताच चौकातले सगळे एका सुरात "हो" म्हणाले. अहवालात साहेबांनी लिहिलं: 'सदर गाव शोधणे कमालीचे अवघड आहे. आम्ही त्यातून दोन वेळा गेलो, तरी ते सापडले नाही. दावा सिद्ध होतो.' महिन्याभरात तीन दगडांच्या शेजारी चौथा, भला मोठा फलक उभा राहिला.

हेडमास्तरांनी रीतसर हरकत घेतली. खात्याचं उत्तर सभ्य होतं. खरं न सापडलेलं गाव वरचंच आहे हे खात्याला मान्य होतं, कारण ते अधिकाऱ्यांना सापडलं नव्हतं. फेरतपासणी जरूर करता येईल. मात्र तीत गाव सापडल्यास दावा आपोआप रद्द होईल. यात चूक काढायची कुठे हे हेडमास्तरांना कळेना. ते हरले.

आणि मग बस आली. त्याचं असं झालं की न सापडणारं गाव बघायला माणसांची झुंबड उडाली. खालच्या चौकात दुकानं लागली, गाड्या लागल्या, फलकापुढे फोटोसाठी रांगा लागल्या, आणि बसला वळायला जागा उरली नाही. ड्रायव्हरने डोकं चालवलं. तो प्रवासी खाली उतरवून रिकामी बस वर आणायचा, मैदानात वळवायचा आणि परत न्यायचा. खात्याच्या दृष्टीने बस वरच्या गावी जात नाही. तिथे ती फक्त वळते. वळताना दार उघडं असतं आणि त्यातून कुणी आत चढलं तर ड्रायव्हर आरशात बघत नाही.

पहिल्या दिवशी मास्तरीणबाई नवी साडी नेसून बहिणीकडे निघाल्या. पायरीवर पाय ठेवून त्या वळल्या आणि म्हणाल्या, "आणलीत हो शेवटी बस." हेडमास्तरांनी चूक दुरुस्त केली नाही. इतिहास असाच लिहितात हे त्यांना आता स्वानुभवाने कळलं होतं.

तुम्हीही त्या फलकापुढे फोटो काढला आहे. नाही म्हणू नका. वरच्या गावात तुमची आठवण अजून काढतात. तुम्ही गाडी घेऊन मोठ्या वळणापर्यंत आला होतात, झाडाखाली हौसेने बसलेल्या एका बाईंना वाट विचारली होतीत, आणि ऐकल्यावर जरा ओशाळून गाडी वळवली होतीत. समजूतदार माणूस, असं त्या घरी सांगत होत्या. आता हे वाचून झाल्यावर खरं गाव नेमकं कुठे आहे, असं तुम्ही विचाराल, तर त्यात लपवण्यासारखं काही नाही. मागे टाकून आलात की.