आवाजावर उडणारी तबकडी

शालूला बंदुकीत काडीचा रस नव्हता. पण वाटूरच्या माळावर पोरापोरींसाठी नेमबाजीचा क्लब निघाला होता, सराव रविवारी होता, आणि कापूस वेचायलाही तिला रविवारीच जुंपलं जाई. एवढा हिशेब तिला पुरला. तिचा बाप रखमाजी, त्याचा हिशेब वेगळा: पोरगी शिकली की बंदूक घरी येईल आणि रानडुकरं शेताचा रस्ता विसरतील. त्यानं खुशाल परवानगी दिली.

प्रवेशाची अट सोपी होती. यंत्र मातीच्या तबकड्या हवेत फेकणार; पाचांतली एक तरी फोडायची. नेम धरून इंग्रजीतलं "पुल", म्हणजे "ओढ", म्हणायचं, समोरच्या माइकनं आवाज टिपला की तबकडी सुटते.

शालू "पुल" म्हणाली. पोरीच्या जातीनं हळू बोलावं, या शिस्तीत वाढलेला तो आवाज माइकपर्यंत पोचलाच नाही.

"मोठ्यानं म्हण की गं," मागून रखमाजी म्हणाला. तबकडी सुटली आणि माळापलीकडं जाऊन पडली.

"मामा, तुम्ही बोलू नका," शिकवणारे भारत सर हळूच म्हणाले.

"मी कुठं बोलून राह्यलो?" दुसरी गेली. या बांधावरून त्या बांधाला हाका मारून कमावलेला आवाज तो. त्याची कुजबुजही गल्लीभर जाई.

"तुमचं यंत्रच बराबर न्हाई." तिसरी.

"मामा, बिलकुल चूप बसा!" चौथी सरांच्या नावावर गेली.

रखमाजीनं फुगून तोंडावर रुमाल दाबला. आता एकच उरली. शालू "पुल" म्हणाली, पुन्हा म्हणाली. यंत्र ढिम्म. तिनं बंदूक खांद्याला घट्ट लावली, डोळा समोरून हलू दिला नाही.

"आबा, सांगायचंच राह्यलं," ती बारीक आवाजात म्हणाली. "शेजारच्या भुजंगकाकाच्या बकऱ्या आपल्या कापसाच्या पऱ्हाटीत शिरल्यात."

"आरं भुजंग्याऽऽ!"

तबकडी उडाली आणि हवेतच फुटली.

सरांनी शालूचं नाव क्लबात नोंदवून घेतलं, तेव्हा रखमाजी फोनवर भुजंगच्या सात पिढ्या उद्धरत होता. बकऱ्या भुजंगच्या दारातच बांधलेल्या होत्या. हे कळल्यावर त्यानं पडेल आवाजात सरांना विचारलं, "मंग बंदूक घरी कधी द्यान?"

"बंदूक क्लबातच राहते, मामा."

पुढच्या रविवारी शालू माळावर होती. रखमाजी भुजंगच्या शेतात कापूस वेचत होता. माफी तोंडानं नको, हातानं माग, असं भुजंगनं बजावलं होतं. आणि घरचा कापूस शालूच्या आईनं, उषाबाईनं, एकटीनं वेचला. या सगळ्यात ती अवाक्षर बोलली नव्हती.