शमुवेलकाकांची लेव्हल

पाळकांना भर उपदेशात अडवणारा माणूस आमच्या मंडळीत एकच, शमुवेलकाका. जलप्रलयातल्या नोहाचं नाव निघालं की ते बाकावरून उठत. "पाळकसाहेब, लेव्हल सांगा!"

काकांची सगळी नोकरी दुधना नदीच्या काठी पाण्याची पातळी मोजण्यात गेली. निवृत्त झाले तरी खुणांची लाकडी पट्टी हातातून सुटली नाही. लग्नालाही घेऊन येत. जलप्रलय त्यांना मान्य होता, पण एका मुलखापुरता. "सगळी पृथ्वी बुडाली तर मंग पाणी उतरलं कुठं? बदनापूरकडं धो धो झाला की परतूरवाला म्हणतो जग बुडालं. अन् तिकडं अंबडात बाया पापड वाळवून राह्यल्या!"

धाकटा भाऊ दानिएल, गल्लीच्या नदीकडच्या टोकाला एकटाच राहणारा, भलताच कट्टर. पवित्र शास्त्रात सगळी पृथ्वी लिहिलंय म्हणजे सगळी. एका नाताळात जेवताना दोघांची जुंपली, ताटं तशीच राहिली, आणि त्यानंतर आठ वर्षं अबोला. दोघांच्या मधे माझं घर. निरोप्या मीच. दोघांचाही मला मनस्वी राग यायचा.

गेल्या सप्टेंबरात आमच्याकडे कडक ऊन आणि दुधना मात्र चढत होती. वर कुठेतरी पाऊस झाला होता. दुपारपर्यंत गल्ली रिकामी झाली, पण दानिएल बाजेवरून हलेना. "देव तारील," एवढंच म्हणे. काकांनी पट्टी उचलली, माझं मनगट धरलं आणि पाण्यात शिरले. त्याच्या दारात पाणी मांडीला लागलं.

"दान्या, तासाला हातभर चढून राह्यलंय. ऊठ."

"आधी कबूल कर. पूर सगळ्या पृथ्वीवर आल्ता का न्हाई?"

म्हाताऱ्याच्या कानाखाली काढावीशी वाटली. तेवढ्यात पाण्यानं बाज हलली. काकांनी पट्टी टेकवून पाणी पाहिलं. आता हे वाद घालणार आणि आम्ही तिघं बुडणार, असं मी धरूनच चाललो.

"आल्ता," काका म्हणाले. "सगळ्या पृथ्वीवर आल्ता. चल बाबा आता."

दानिएलला धरायला दोन्ही हात लागले. पट्टी वाहून गेली. काकांनी वळूनही पाहिलं नाही.

पुढे एका रविवारी पाळकांनी नोहा काढला. सगळ्या माना काकांकडे वळल्या. शेजारी बसलेल्या दानिएलनं त्यांना कोपरानं ढोसलं. "विचार की लेव्हल."

काकांनी नुसती मान हलवली. ते उठले नाहीत. भावाचा हात त्यांनी मांडीवर घट्ट धरून ठेवला होता.