कमरेइतका किल्ला

रानडुक्कर हा प्राणी वाटाघाटी करत नाही. त्याला अर्ज चालत नाही, विनंती चालत नाही, साहेबांची शिफारस तर नाहीच नाही. म्हणून सन एकोणीसशे एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात मोहवाडीच्या सुकऱ्याने आपल्या वरीच्या तुकड्याभोवती दगडांचा गडगा रचला. मोहवाडी म्हणजे कुळगावापासून बारवी नदीच्या अंगाला दोन तास पायी, त्यातला शेवटचा अर्धा तास हातापायांनी. गडगा कमरेइतका उंच, हातभर जाड. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. वाटेत मोहाचं झाड आलं तेव्हा ते तोडायचा जीव झाला नाही, म्हणून आत यायची वाट त्याने झाडाला वळसा घालून काढली. बाहेरून डुकरांसाठी चर खणला, कोंबड्यांना ये-जा करायला खाली चार भोकं ठेवली, कोपऱ्यावर राखणीला बसायला माळा उभारला.

त्याची बायको ठमी दगड उचलून देत होती आणि दगडागणिक एक वाक्य ऐकवत होती. "हात उचला जरा. डुकरा आत गेल्यावर गडगा पुरा करून काय त्यांना कोंडायचा हाय?"

गडगा पुरा झाला. डुकरं आली, बाहेरून बघून गेली. त्या वर्षी सुकऱ्याच्या घरात वरी पहिल्यांदा होळीपर्यंत पुरली.

आता मोहवाडीची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. वनरक्षकाने एकदा वाडीवर सांगून ठेवलं होतं, की जमीन अठ्ठ्याहत्तर सालाच्या आधीपासून कसत असाल तर राहील. नंतरची ठरली तर उठावं लागेल. सुकऱ्याचा बाप तिथेच राबून तिथेच मेला होता, पण मरताना कागद करून ठेवायचं त्याला सुचलं नाही. अशीच सगळ्यांची गत. तेव्हापासून वाडीने ठरवलं, की खिशाला पेन लावलेला माणूस दिसला की प्रत्येक गोष्टीचं वय वाढवून सांगायचं. जमिनीचं, झोपडीचं, आंब्याचं. जनगणनेच्या मास्तरासमोर वाडीतल्या पुतळीने शेळीसुद्धा चाळीस वर्षांची सांगितली होती आणि मास्तराने ती कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात लिहून घेतली होती.

ब्याण्णवच्या भाद्रपदात जो माणूस घाम पुसत वर आला, त्याच्या खिशाला दोन पेनं होती.

ते होते श्री. अच्युत टेंबवलकर, 'अलक्षित दुर्ग शोध, नोंद व ताबा कक्षा'चे प्रमुख. कक्ष उल्हासनगरात तीन नंबर कॅम्पात, लष्कराने सोडून दिलेल्या बराकीच्या अर्ध्या भागात होता; उरलेल्या अर्ध्यात जीनच्या पँटी शिवत. चार वर्षांत कक्षाला एकही अलक्षित दुर्ग सापडला नव्हता, आणि मार्चअखेर सापडला नाही तर कक्षच अलक्षित करण्यात येईल, असं वरून कळवण्यात आलं होतं. साहेबांबरोबर त्यांचा कारकून होता, अंबरनाथ पूर्वेचा मधु शेजवळ. त्याच्या खांद्यावर साहेबांची छत्री, टेप आणि डबा होता.

टेंबवलकरांनी गडग्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

"हे कोणी बांधलं?"

सुकऱ्याने आधी पेनं मोजली. "आज्याच्या आज्यानं, साहेब."

"म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षं?"

दोन पेनांना सव्वाशे कमी पडतील असं सुकऱ्याला वाटलं. "ज्यास्त, साहेब. आमच्या आज्याच्या आज्यालासुदा ह्यो जुनाच गावला."

ठमीने मागून चिमटा काढला, पण तोवर टेंबवलकरांचे डोळे पाणावले होते.

मग त्यांनी गडाची फेरी मारली. 'गड' हा शब्द त्यांनीच पहिल्यांदा उच्चारला. दोन पेनं बोलतात ते आपल्या भल्याचंच असणार, अशा समजुतीने सुकऱ्या मागून "हो साहेब, हो साहेब" करत चालला. चुलीजवळ एक गोल, गुळगुळीत गोटा होता. बारवीच्या पात्रातून ठमीने लग्नाच्या वर्षी आणलेला. ती त्याने मिरची वाटायची. साहेबांनी तो उचलला, नाकाशी नेला आणि सात वेळा शिंकले.

"शेजवळ, लिहा," ते नाक पुसत म्हणाले. "तोफगोळा, नग एक. दारूचा तिखट अंश अद्याप शाबूत."

पंधरा दिवसांनी मधु एकटाच वर आला, अहवालाची प्रत आणि एक पत्र्याची पाटी घेऊन. सुकऱ्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मधुने गडग्यावर बसून वाचून दाखवलं.

"'प्रवेशद्वार गोमुखी धाटणीचे असून, हत्तीने धडक देऊ नये म्हणून मुद्दाम वळसा दिलेला आहे.'"

"हत्ती कुठला? मोहाचा झाड हाय."

"झाड नंतर उगवलं, असं लिहिलंय. पुढे ऐका. 'तटाच्या पायाशी चार जंग्या आहेत. त्यांची उंची पाहता येथील बंदूकधारी जमिनीवर पालथे पडून नेम धरीत असावेत.'"

"कोंबड्या जातात तिथनं!"

"सुकऱ्याभाऊ, मला कळतंय. मी अंबरनाथला राहतो, पण कोंबडी बघितलीय." मधुने पान उलटलं. "चर म्हणजे खंदक. माळा म्हणजे टेहळणीचा बुरूज. आणि तुम्ही..." तो थांबला. "तुम्ही किल्ल्यातलं अनधिकृत वास्तव्य."

पाटीवर लिहिलं होतं, की ही वास्तू संरक्षित असून आत शेती, चूल, गुरं आणि माणसं यांस सक्त मनाई आहे. तटाचं संरक्षण आता शासन करणार होतं. तट कशाचं संरक्षण करत होता, ते त्यामुळे बाहेर काढणं भाग होतं.

सुकऱ्या दुसऱ्याच दिवशी उल्हासनगरला गेला. बराकीत पलीकडे शिलाईची यंत्रं धडधडत होती, त्यामुळे सुनावणी ओरडून झाली.

"साहेब, चुकला माझा! गडगा मीच रचला, गेल्या वर्षाला! डुकरांसाठी!"

टेंबवलकरांनी पेन खाली ठेवलं. "विचार करून बोल. गेल्या वर्षी रचला असशील, तर जमीन अठ्ठ्याहत्तरनंतरची ठरते. म्हणजे तू उठणार. शिवाय शासकीय अधिकाऱ्याला खोटं सांगितल्याचा गुन्हा वेगळा."

"आन जुना असंल तर?"

"तर तो किल्ला. तरीही तू उठणार, पण सन्मानाने."

मग सुकऱ्याने आयुष्यातली सगळ्यात लहान मागणी केली. "साहेब, पंधरा दिस द्या. वरी दाण्यात आलीय. ती कापतो, मंग तुमचा किल्ला तुमी घ्या."

"मुदत मागायची पद्धत असते. पांढरं निशाण लागतं."

ठमीने घरातलं एकुलतं एक धोतर काठीला बांधून गडग्यावर लावलं. पाहणी झाली. 'निशाण पांढरे नसून मळकट आहे,' असा शेरा मारून अर्ज फेटाळण्यात आला.

तेव्हा सुकऱ्याने वाटेत काटेरी बोराट्या टाकल्या आणि आत बसला. वर्षभराचं पोट त्या तुकड्यात उभं होतं. ते सोडून जायचं कुठे?

दुसऱ्या एखाद्या खात्याने पोलीस आणले असते. पण या कक्षाला पोलीस बोलावण्याचा अधिकार नव्हता. वेढा घालण्याचा होता. 'दुर्ग ताब्यात घेण्याची कार्यपद्धती' नावाची पुस्तिका कपाटात पडून होती. जुन्या मोहिमांचे कागद जसेच्या तसे उतरवून कोणीतरी ती तयार केली होती. तिच्यात किल्ला घेण्याचे चार मार्ग दिले होते: फितुरी, शिडी, उपासमार आणि खिंडार. याच क्रमाने, आणि प्रत्येकाची तीन प्रतींत नोंद.

टेंबवलकर, मधु आणि कुळगावातून रोजंदारीवर आणलेले दोन गडी यांनी मोहाच्या सावलीत तळ ठोकला. पहिल्या दिवशी फितुरी. गडावर माणसं दोनच, त्यामुळे निवडीला फार वाव नव्हता. मधुने ठमीला गडग्यावरून विचारलं, "वहिनी, फितूर होता का? साहेब विचारतायत."

"व्हते की! नवरा घेऊन जा. वरी ठेवा."

फितुरीच्या रकान्यात 'प्रतिसाद उत्साहवर्धक, अटी अमान्य' अशी नोंद झाली.

मग शिड्या. पुस्तिकेप्रमाणे पंधरा हातांच्या दोन शिड्या हव्या होत्या. त्या उल्हासनगरच्या ज्या व्यापाऱ्याकडून आणल्या, त्याचं बोलणं मधुने गडग्यावर बसून सुकऱ्याला साभिनय सांगितलं. "सेठ विचारतो, साहेब, दीवार कितनी ऊँची है? मी म्हटलं, कमरेइतकी. तो बघतच राहिला. म्हणाला, तो टांग उठाके अंदर जाओ ना! मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, पुस्तिकेत टांगेची तरतूद नाही."

शिड्या गडग्याला लावल्या. त्या सरळ पलीकडे जाऊन वरीत आडव्या पडल्या. सुकऱ्याने त्या उचलून परत दिल्या. परत दिल्या नसत्या तर पीक दबलं असतं.

उपासमारीचा मार्ग लांबला. त्याचं कारण असं, की वेढा घालणाऱ्यांचे डबे दुसऱ्याच दिवशी संपले आणि खाली उतरून वर यायची कोणाची तयारी नव्हती. गडातून वासावर वास येत होते. तिसऱ्या दिवशी ठमीने गडग्यावरून नाचणीच्या भाकऱ्या आणि मिरचीचा ठेचा पुढे केला.

"खावा, साहेब. उपाशी माणसानं उपास पाडावा का दुसऱ्याला?"

टेंबवलकर सात दिवस शत्रूच्या हातचं जेवले आणि रोज संध्याकाळी नोंद केली: 'गडावर रसद मुबलक आहे. चवीवरून आणखी महिनाभर पुरेल.' वर त्यांनी ठेच्यात मीठ जरा कमी असल्याचंही कळवलं. सुकऱ्या मात्र खूश होता. प्रत्येक दिवसाबरोबर वरी पिवळी होत होती. आणखी पाच दिवस, आणि कणसं घरात. त्याला वाटू लागलं, की ही माणसं अशीच जेवत राहिली तर आपण जिंकलो.

पण पुस्तिकेत उपासमारीला नऊच दिवस होते. दहाव्या दिवशी खिंडार.

गड्यांनी पहारी उचलल्या. साहेबांनी वरच्या अंगाकडे बोट दाखवलं, तसा सुकऱ्या धावत आला.

"साहेब, पाया पडतो, तिथनं नका! पाडायचा तर खालनं पाडा. वरच्या अंगाला डुकरांची वाट हाय!"

टेंबवलकरांनी मधुकडे अर्थपूर्ण पाहिलं. "कलम एकवीस. शत्रू कळवळून सल्ला देईल, त्याच्या उलट करावे."

दीड वर्ष एकही दगड न हललेला गडगा पाऊण तासात फुटला. टेंबवलकर खिंडारातून आत शिरले. बोराट्या बाजूला करून वाटेनेही जाता आलं असतं, पण मग तो विजय झाला नसता. मोहावर निशाण चढलं, फोटो निघाला. सुकऱ्याने फोटोत उभं राहायचं नव्हतं. तो ऐतिहासिक नव्हता.

संध्याकाळी तो गुपचूप खिंडारातले दगड पुन्हा रचायला लागला. साहेबांनी त्याला धरलं.

"काय करतोस? खिंडार ही आता ऐतिहासिक घटना आहे. ती बुजवणं म्हणजे पुरावा नष्ट करणं!"

"मंग मला आजच्या राती माळ्यावर बसू द्या. डबा वाजवतो, डुकरा हाकलतो."

"टेहळणी बुरुजावर अनधिकृत व्यक्तीस मनाई आहे. पाटी वाच."

"वाचाय येत नाय, साहेब."

"त्याची जबाबदारी कक्षावर नाही."

मधुने पाटीकडे पाहिलं, सुकऱ्याकडे पाहिलं आणि साहेबांची छत्री उगाचच उघडून परत मिटली.

पहाटे चौदा डुकरं खिंडारातून आली. त्यांनी फितुरी केली नाही, शिडी लावली नाही, तीन प्रतींत नोंदही केली नाही. उजाडलं तेव्हा वरीच्या जागी चिखल होता आणि त्या चिखलात ठमी कणसं वेचत होती. ओंजळभर निघाली. टेंबवलकरांनी जांभई देत शेवटची नोंद केली: 'गड पडल्यानंतर काही अनोळखी टोळ्यांनी लूट केली. विजयानंतर अशी प्रथा आढळते.'

कक्ष कायम झाला. टेंबवलकरांना बढती मिळाली. सुकऱ्याच्या जमिनीचा दावा त्याच वर्षी निकालात निघाला: जमीन किल्ल्याच्या आत असल्याने तिथे कोणी शेती करत असणं संभवत नाही. सुकऱ्या आता दिवाळीनंतर बदलापूरच्या वीटभट्टीवर जातो आणि रविवारी वर येऊन किल्ल्याच्या पायथ्याशी हंडा घेऊन बसतो, कारण लांबून येणाऱ्यांना तहान लागते.

येणारे पुष्कळ. दुर्गप्रेमी मंडळं येतात, शाळांच्या सहली येतात. खिंडारापाशी सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहतात. तिथे आपले पूर्वज लढले, असं त्यांना वाटतं. कोणते, ते विचारायचं नसतं.

मागच्या हिवाळ्यात तुम्हीही गेला होता. जंगीपाशी पालथे पडून तुम्ही फोटो काढून घेतलात. वेफर्सचं पाकीट खंदकात टाकलंत. पायथ्याच्या एका काळ्या, वाळक्या माणसाने तुम्हाला पाणी दिलं. त्याने बुरुजाला शेळी बांधली होती, म्हणून तुम्ही त्याला झापलंत. "तुम्हा लोकांना इतिहासाची किंमत नाही," असं म्हणालात. तो "हो साहेब" म्हणाला. तुमच्या खिशाला पेन होतं.

आणि उतरताना, कोणी बघत नाही असं पाहून, तुम्ही तटाशी मांडून ठेवलेला तो तोफगोळा पिशवीत घातलात. आता तो तुमच्या शोकेसमध्ये टीव्हीशेजारी आहे, खाली कापूसही घातला आहे, आणि पाहुणे आले की तुम्ही तो त्यांच्या हातात देऊन आवाज खाली आणता.

एकदा नाकाशी नेऊन बघा. शिंक आली, तर पुढच्या रविवारी तेवढा परत नेऊन द्या. ठमी भट्टीवरच्या विटेच्या तुकड्याने मिरची वाटते, आणि भाकरीत माती येते.