पॅन्टसुधारक

महाराष्ट्रात समाजसुधारकांची परंपरा मोठी आहे. पॅन्टसुधारक मात्र मला आयुष्यात एकच भेटला.

लोणावळ्याच्या भाजी बाजारामागे, एका मसाल्याच्या दुकानाला चिकटून, शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल आणि दोन स्टुलं जेमतेम मावतील एवढ्या जागेत सुदाम मास्तर बसतात. मशीनच्या वर बुद्धाचा फोटो आहे. त्या चेहऱ्यावरची शांती आणि खाली चाललेला वाद यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. बाहेर पाटी आहे, ‘येथे सर्व प्रकारचे आल्टर करून मिळेल’. पाटी खरी आहे. फक्त प्रकार कोणता, हे गिऱ्हाइकाने ठरवायचं नसतं.

तुम्ही चेन बदलायला दिली तर चेन बदलून मिळते, पण खिसाही दोन बोटं खोल झालेला असतो, कारण मास्तरांच्या मते तुमचा मोबाइल खिशातून फार डोकावत होता. एका हॉटेलच्या मॅनेजरने कंबर आवळायला दिली. ती उत्तम आवळून मिळाली, वर मागच्या बाजूला इलास्टिकही बसवलेलं. मॅनेजर लालबुंद होऊन आला.

“हे कुणी सांगितलं होतं?”

“सांगाया कशाला लागतंय? तुमी मॅनेजर हाय. पोट सुटनारच की फुडं.”

“अहो, पॅन्ट बिघडवलीत तुम्ही माझी!”

“बिघडवली न्हाई,” मास्तर दातात दोरा धरून म्हणाले. “सुदारली.”

हा त्यांचा शेवटचा शब्द. त्यावर अपील नाही.

जीन्स हे त्यांचं खास राज्य. दुकानात तयार मिळणाऱ्या जीन्स कुठल्यातरी सहा फुटी माणसाच्या कल्पनेने शिवलेल्या असतात आणि विकत घेतो आम्ही मावळातले बेताच्या उंचीचे लोक. साधा शिंपी काय करतो, खालून कापतो, दुमडतो आणि टीप मारतो. मग कंपनीने दिलेली खालची जाड पट्टी, तिच्यावरची पिवळट शिवण, धुऊन धुऊन पांढरी पडलेली कड, सगळं कात्रीखाली जातं आणि जीन्स शाळेच्या गणवेशासारखी दिसायला लागते. मास्तर ती पट्टी वाचवतात. तिच्या बरोबर वर घडी घालायची, जास्तीचं कापड आत वळवायचं, पट्टीला खेटून टीप मारायची आणि वरून इस्त्री दाबायची. जोड शोधायला चष्मा लागतो. ‘कंपनीची पट्टी’ हे शब्द ते इतक्या आदराने उच्चारतात की कंपनीच्या मालकाने ऐकलं तर त्याला भरून येईल.

मला नेमकं हेच काम करून हवं होतं. आणि नेमकं याच माणसाकडे ते द्यायची माझी छाती होत नव्हती.

काम माझ्या धाकट्या भावाच्या जीन्सचं होतं. विजू श्रावणात गेला. तो आंदर मावळात गुरांना लशी टोचत फिरायचा. जिथे एसटी दिवसाला एकदा तोंड दाखवते अशी गावं त्याच्याकडे होती, त्यामुळे नोकरी सरकारी आणि चाल जुन्या काळच्या हरकाऱ्याची. माझ्यापेक्षा तो चांगला वीतभर उंच. सुतक फिटल्यावर त्याच्या बायकोने त्याची रोजच्या वापरातली जीन्स माझ्या हातात ठेवली. म्हणाली, “भाऊजी, ही तुम्ही घाला. कपाटात ठेवली तर मी ती रोज बाहेर काढत बसेन.”

विजू डावी टाच घासत चालायचा. आई त्यासाठी त्याला लहानपणापासून ओरडायची आणि तो लहानपणापासून ऐकायचा नाही. त्या जीन्सची डाव्या पायाची कड टाचेशी झिजून चंद्रकोरीसारखी खाल्ली गेली होती आणि तिथून पांढरे दोरे लोंबत होते. बाकी जीन्स कुणाचीही असू शकली असती. ती झिजलेली कड मात्र विजूचीच होती. मला लांबी कमी करून हवी होती आणि ती कड दोऱ्यांसकट तशीच राहायला हवी होती. ते कसब अख्ख्या लोणावळ्यात एकाच माणसाच्या हातात होतं, आणि झिजलेली कड दिसली की तोच हात स्वस्थ बसत नव्हता.

तेव्हा मी आधी परीक्षा घ्यायचं ठरवलं. मी वाचनालयात काम करतो. न वाचता कुठलंही पुस्तक कुणाला देत नाही, ती सवय इथेही कामी येईल असं वाटलं.

पहिल्यांदा मी माझी नवी जीन्स दिली. पट्टी देखणी बसवून मिळाली. घरी आणून उलटी केली तर आतून कडेला निळा फॉल लावलेला.

“मास्तर, हा साडीचा फॉल आहे,” मी परत जाऊन म्हणालो.

“मोठ्यानं बोला की सर, हितं काय वाचनालय हाय?”

“साडीचा फॉल आहे हा!”

“मग? साडीला लावत्यात तवा कड झिजत न्हाई. पॅन्टीनं काय पाप केलंय?”

शेजारच्या मसाल्याच्या दुकानातून शांता मावशींनी डोकं बाहेर काढलं. “सर, नशीब समजा. मागं एकाच्या पॅन्टला गोंडं लावायला निघालते.”

मास्तरांनी मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि ब्लेडच्या टोकाने फॉल उसवायला घेतला. उसवता उसवता कंपन्यांना कसं काही कळत नाही, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मी एक वाक्य बोललो की त्यांची चार तयार असायची. उसवायला त्यांना लावायच्या दुप्पट वेळ लागला आणि त्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर शोधूनही सापडलं नाही.

दुसऱ्यांदा जुनी, कडा पांढऱ्या पडलेली जीन्स दिली. बजावून सांगितलं, काहीही आत लावायचं नाही. शब्द पाळला. आत काही लावलं नव्हतं. कडा तेवढ्या गडद निळ्या रंगवल्या होत्या.

“रंगानं इटल्या हुत्या,” मास्तर म्हणाले. “आता कशी नवरीवानी दिसतीया.”

“मला नवरी नको होती, मास्तर.”

“आसं घरी बोलू नगा,” शांता मावशी पलीकडून म्हणाल्या.

तिसऱ्या परीक्षेसाठी मी जरा खालच्या पातळीवर उतरलो. माझी एक जीन्स घेतली आणि दाराच्या दगडी पायरीवर विटेच्या तुकड्याने तिची कड घासत बसलो. चांगली झिजेपर्यंत घासली. बायको दोनदा दारात येऊन, विटेकडे बघून आत गेली. घरात मृत्यू झाला की माणसं एकमेकांना बरंच माफ करतात. ती जीन्स घेऊन गेलो आणि सांगितलं, “लांबी कमी करा. झिजलेली कड आहे तशी ठेवा. मला तशीच आवडते.”

“तशीच?”

“तशीच.”

“बरं,” मास्तर म्हणाले, आणि चार दिवसांनी मला रेक्झीनची काळी गोट लावलेली जीन्स मिळाली. बैलाच्या झुलीला लावतात तशी. चालताना ती फटफट वाजायची.

“तुमी आवडती म्हनला न्हवं? मंग आवडत्या चीजंला जपाया नगं?”

पुन्हा स्टूल, पुन्हा चहा, पुन्हा ब्लेड. माझ्यासारखाच दुसऱ्या स्टुलावर एक जण बसला होता. त्याच्या मुलाच्या पॅन्टला मास्तरांनी गुडघ्यात आतून अस्तर लावलं होतं, पोरगं खेळताना पडेल म्हणून. पोरगं इंजिनिअरिंगला होतं. तोही चिडून आला होता आणि आता चहा पीत पोराच्या तक्रारी सांगत होता. त्या गल्लीत सरळ काम करणारे आणखी दोन शिंपी आहेत. त्यांच्याकडे लोक येतात, पिशवी घेतात आणि जातात. मास्तरांच्या दुकानात मात्र कुणीतरी कायम काहीतरी उसवून घेत बसलेलं असतं. मला हे तेव्हा फक्त विनोदी वाटलं होतं.

तोवर माझ्या सगळ्या जीन्स घोट्यापाशी आल्या होत्या आणि परीक्षेला बसवायला कपडे उरले नव्हते. त्यातच दिवाळीत विजूच्या बायकोने विचारलं, “भाऊजी, घातली का हो?” मी म्हणालो, घालतो. दुसऱ्या दिवशी विजूच्या जीन्सची पिशवी उचलली आणि गेलो.

मास्तरांनी जीन्स झटकली. घडीतून लाल मातीचा एक खपला टेबलावर पडला.

“सर, धुतल्याबिगर मी हात लावत न्हाई, म्हाईत हाय न्हवं? मागनं कापड आटतंय आन बोंब माज्या नावानं.”

“ही धुवायची नाही.”

“आता ह्ये काय नवीन?”

“माझ्या भावाची आहे. श्रावणात गेला तो.” पुढचं वाक्य माझ्याकडून इतक्या मोठ्याने निघालं की शांता मावशींच्या दुकानातलं गिऱ्हाईकही वळून बघायला लागलं. “कड आहे तशी ठेवा, मास्तर. दोरेसुद्धा कापू नका. काही लावू नका, काही रंगवू नका.”

मास्तरांनी जीन्सचा डावा पाय उलटा केला. झिजलेल्या जागी अंगठा ठेवला. तो तिथे बरोबर बसला.

“उंच हुता,” ते म्हणाले.

“हो.”

“टाच घासायचा.”

“हो.”

“परवा या.”

मधला वेळ मी कसा काढला ते सांगत नाही. डोळे मिटले की विजूची जीन्स वेगवेगळ्या सुधारणा होऊन समोर यायची. कधी फॉल, कधी रेक्झीन, एकदा तर खरोखरच गोंडे.

तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा दोन्ही स्टुलांवर फक्त कपडे होते. मास्तरांनी जीन्स पुढे केली आणि माझ्याकडे न बघता इस्त्रीची वायर गुंडाळू लागले. मी कड पाहिली. चंद्रकोर तशीच होती. दोरे तसेच लोंबत होते, एकही कमी नाही. शिवणीच्या खाचेत माती होती. वरची घडी इतकी चोख की ही जीन्स पहिल्यापासून बुटक्या माणसाची असावी असं वाटावं. मी ती उलटी केली. आतलं वीतभर कापड कापलेलं नव्हतं. आत दुमडून, बारीक हातटाके घालून नुसतं बसवून ठेवलं होतं.

“ते कापायचं ऱ्हायलं,” मास्तर म्हणाले. “कात्री दोनदा उचलली. न्हाई जमलं.”

“काहीच सुधारलं नाहीत, मास्तर?”

“ह्यात काय सुदारायचं?”

त्यांनी जीन्स घडी करून वर्तमानपत्रात बांधली. गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

“म्हंजी आता ह्येचं काय उसवाया लागनार न्हाई,” ते म्हणाले.

“नाही. फार सुरेख झालंय.”

“मंग तुमी काय आता येत न्हाई.” हे ते पुडक्याशी बोलल्यासारखे बोलले. “चालायचंच. आमची ही गेल्यापासनं घरी टीव्हीसंगट भांडतोय. कितीबी बोला त्येला, त्यो काय पाय आपटीत येत न्हाई, मास्तर ह्ये काय करून ठिवलं म्हनून.”

मी पुडकं घेतलं आणि रस्त्यावर आलो. चिक्कीच्या दुकानापर्यंत गेलो असेन. तिथून वळलो.

मास्तर दिवा बंद करायच्या बेतात होते. मी गाठ सोडली आणि जीन्स टेबलावर पसरली. चांगल्या कामाबद्दल तक्रार करायची माझी ही पहिलीच वेळ, त्यामुळे जीभ थोडी अडखळली.

“मास्तर, उजवा पाय किंचित लांब वाटतो.”

त्यांनी टेप काढली. एक पाय मोजला. दुसरा मोजला. चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं.

“सारकंच हाय.”

“असेल. पण वाटतो.”

मास्तरांनी टेप गळ्यात टाकली, स्टुलावरचे कपडे उचलून मशीनवर ठेवले आणि शांता मावशींना चहाचं सांगितलं.

“बसा,” ते म्हणाले. “लांब हाय म्हनला आसता तर उसवून दिला आसता. वाटतोय म्हंजी बोलाया लागंल.”